यवतमाळचा मिडफिल्डर: आधी सामने, मग बाकी सगळं

सुब्रतो चषकाच्या जिल्हा फेरीत जी शाळा पहिल्याच सामन्यात हरते, तिचा त्या वर्षीचा फुटबॉल तिथंच संपतो. स्पर्धा बाद पद्धतीची असते. भर पावसाळ्यात मुलं तासभर चिखलात खेळतात, एका गोलनं हरतात, संध्याकाळच्या एसटीनं दारव्ह्याला नाहीतर घाटंजीला परततात आणि पंचांच्या शिट्टीवर चालणारा पुढचा सामना त्यांना वर्षानं मिळतो. मधल्या काळात सराव होतो, पेनल्टीच्या पैजा लागतात, पाच-पाच जणांचे डाव रंगतात. अकरा विरुद्ध अकरा मात्र होत नाही.

आपल्या मुलानं किंवा मुलीनं व्यावसायिक फुटबॉलमध्ये मिडफिल्डर व्हावं असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांनी सगळ्यात आधी ही अडचण समजून घ्यावी. बूट, किट, उन्हाळी शिबिर, शहरातली अकादमी या नंतरच्या गोष्टी. स्ट्रायकरचा वेग एका सामन्यात दिसतो. गोलरक्षकाची उंची आणि झेप शाळेच्या अंगणातही कळते. मिडफिल्डरचं काम मात्र बाकीचे एकवीस जण आत्ता कुठे आहेत आणि दोन सेकंदांनी कुठे असतील यावर चालतं. ही जाण सामन्यात येते, आणि पुष्कळ सामन्यांनी येते. १२ ते १७ या वयात वर्षाला निदान २५ पूर्ण सामने मिळाले पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे. आपल्या जिल्ह्यातल्या बहुतेक मुलांना ते मिळत नाहीत. प्रतिभेच्या नावानं आपण जी रड लावतो, तिचं मूळ बरंचसं इथं आहे.

कोल्हापूरकडे पाहा. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, प्रॅक्टिस क्लब हे संघ शाहू स्टेडियमवर दरवर्षी लीग खेळतात, पेठाच्या पेठा पाहायला जमतात, आणि गल्लीतलं पोर मोठ्यांचं पाहत पाहत खेळायला लागतं. त्याच मातीतून निखिल कदम हा मिडफिल्डर मोहन बागान आणि नॉर्थईस्ट युनायटेडपर्यंत पोहोचला. अनिकेत जाधव हा रिक्षाचालकाचा मुलगा. तो राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकला, २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला आणि २०२१-२२ मध्ये हैदराबाद एफसीनं इंडियन सुपर लीग (आयएसएल) जिंकली तेव्हा त्या संघात होता. अनिकेत मुळात आघाडीचा आणि बाजूनं खेळणारा खेळाडू, पण वाट कशी असते ते त्याच्याकडून कळतं: आधी गावात खेळाचं वातावरण, मग वेळेवर निवासी प्रशिक्षण, मग राष्ट्रीय पातळी. आपल्या जवळ असं वातावरण कामठीला आणि नागपूरला आहे. रब्बानी क्लब, यंग मुस्लिम, राहुल क्लब ही नावं विदर्भातल्या फुटबॉलवेड्यांना सांगावी लागत नाहीत.

मग यवतमाळात काय करायचं? सरकारची वाट न पाहता लीग उभी करायची. सहा शाळांनी एकत्र यावं. प्रत्येकानं प्रत्येकाशी दोनदा खेळायचं ठरवलं तर एकेका संघाला दहा सामने मिळतात. यवतमाळ शहर, नेर, दारव्हा, आर्णी, कळंब, बाभूळगाव असा एक गट जमतो. पुसद, उमरखेड, महागाव, दिग्रस हा दुसरा. वणी, मारेगाव, झरी जामणी, पांढरकवडा हा तिसरा. एका रविवारी तीन संघांनी एकाच मैदानावर जमावं आणि प्रत्येकानं वीस-वीस मिनिटांच्या अर्धांचे दोन सामने खेळावेत. म्हणजे प्रवास एकदाचा आणि सामने दोन. ज्या शाळेचा संघ त्या वेळी बाहेर बसलेला आहे, तिच्या पीटीच्या सरांनी शिट्टी घ्यावी. रेषा चुन्याच्या, गोलपोस्ट बांबूचे चालतील. १३ वर्षांखालच्यांना अकरांचा आग्रह धरू नका, नऊ-नऊ पुरे. मैदान लहान असतं आणि चेंडू पायाला जास्त वेळा लागतो. चषक आणि पाहुण्यांचे सत्कार वगळले तर खर्च टेम्पोच्या डिझेलपुरताच उरतो.

हंगाम कोणता, हाही विचार आपल्याकडे शेतीच्या हिशेबानं करावा लागतो. आपली बरीचशी मैदानं काळ्या मातीची आहेत. पावसात ती बुटाला चिकटते आणि उन्हाळ्यात तिला घोटा अडकेल अशा भेगा पडतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने तिच्यावर खेळायला सर्वांत बरे. पण नेमकी तेव्हाच कापसाची वेचणी असते आणि सुटीच्या दिवशी पोरं वावरात लागतात. म्हणून सामना सकाळी सातला लावा, दहाला मुलं मोकळी करा. जो बाप मुलाला रविवारी सकाळचे तीन तास देतो, त्यानं फुटबॉलसाठी फार मोठी गोष्ट केली आहे, आणि ती शाळेनं त्याला बोलून दाखवली पाहिजे. या दहा सामन्यांत सुब्रतो आणि शालेय स्पर्धांची भर धरा. वणीकरांनी चंद्रपूरच्या, उमरखेडकरांनी नांदेडच्या, यवतमाळकरांनी अमरावती आणि वर्ध्याच्या संघांशी मैत्रीचे सामने ठरवावेत. पंचविसाचा आकडा मग अवघड राहत नाही.

आता खेळाविषयी. नॉर्वेचे संशोधक गेइर यॉर्डेट यांनी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधले खेळाडू चेंडू मिळण्याआधीच्या काही सेकंदांत किती वेळा मान वळवून आजूबाजूला पाहतात, हे चित्रफितींवरून मोजलं. जे जास्त वेळा पाहतात त्यांचे पास जास्त पोहोचतात, असं त्यांना आढळलं. फ्रँक लँपार्ड त्यात अगदी वरच्या क्रमांकात होता. ही सवय लावायला पैसा लागत नाही. शाळेच्या भिंतीवर पास मारायचा, चेंडू परत येत असताना मागे वळून पाहायचं, आणि मागे उभ्या मित्रानं किती बोटं दाखवली ते सांगत चेंडू अडवायचा. दोन्ही पायांनी, रोज पंधरा मिनिटं. दुसरी सवय म्हणजे चेंडू छातीसमोर सरळ न घेता अंग अर्धं वळवून लांबच्या पायानं घेणं. पुढचं अर्धं मैदान आपोआप दिसायला लागतं. खडबडीत मैदानावर चेंडू उसळतो म्हणून आपली मुलं तो आधी पायाखाली दाबून थांबवतात. मग मान खाली जाते आणि तेवढ्यात प्रतिस्पर्धी अंगावर येतो. सरांनी हीच एक सवय मोडली तरी संघाचा खेळ बदलेल.

मिडफिल्ड ही एकच जागा नसते, हे पालकांनाही ठाऊक हवं. बचावफळीच्या पुढे उभा राहून चेंडू हिसकावणारा आणि साधा पास देऊन खेळ सुरू करणारा तो सहा नंबर. दोन्ही पेनल्टी पेट्यांच्या मध्ये धावणारा आठ नंबर, आणि गोलची संधी तयार करणारा दहा नंबर. मुलांना सगळ्यांना दहा नंबर व्हायचं असतं. पण आयएसएलमध्ये मैदानावर एका वेळी चार परदेशी खेळाडू चालतात आणि क्लब त्यांना बहुधा स्ट्रायकर, दहा नंबर किंवा मधला बचावपटू म्हणून आणतात. भारतीय मुलासाठी सहा आणि आठच्या जागा जास्त मोकळ्या आहेत. मणिपूरचा जिक्सन सिंग सहा नंबरच्या जागेचा. २०१७ मध्ये कोलंबियाविरुद्ध १७ वर्षांखालील विश्वचषकातला भारताचा पहिला गोल त्यानंच केला, तोही कॉर्नरवर डोक्यानं. गोव्याचे लेनी रॉड्रिग्ज आणि रोलिन बोर्जेस यांच्या लांब कारकिर्दी याच कष्टाच्या जागांवर झाल्या. तुमचा मुलगा गोल करत नाही म्हणून खट्टू होऊ नका. सामन्यात त्यानं किती चेंडू परत मिळवले आणि किती पास आपल्याच माणसाला दिले, ते वहीत मांडा.

घर कधी सोडायचं, हा या वाटेवरचा सर्वांत कठीण प्रश्न. निवासी प्रशिक्षणाची बहुतेक दारं १४ वर्षांच्या आत उघडतात आणि नंतर हळूहळू बंद होतात. राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत निवड लहान वयात, शारीरिक चाचण्यांवर होते. नवी मुंबईतली रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्स ही पूर्ण शिष्यवृत्तीची निवासी अकादमीही कोवळ्या वयातली मुलं घेते. राज्य सरकारचा एफसी बायर्न महाराष्ट्र चषक १४ वर्षांखालच्यांसाठी सुरू झाला. डिसेंबर २०२५ मध्ये लिओनेल मेस्सीच्या उपस्थितीत वानखेडेवर ज्या ‘महादेवा’ प्रकल्पाचा कार्यक्रम झाला, तोही १३ वर्षांखालच्या मुलामुलींसाठी आहे. मुलगा सातवीत असतानाच जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात नियमित जा. निवड चाचण्यांच्या तारखा तिथं कळतात, आणि त्या अनेकदा अगदी थोडे दिवस आधी कळतात.

खासगी अकादमी असेल तर ती अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची मान्यताप्राप्त आहे का आणि तिला किती तारे आहेत, ते पाहा. प्रशिक्षकाचं लायसन्स विचारा. गेल्या वर्षी संघ किती अधिकृत सामने खेळला, हे तर विचाराच. या प्रश्नावर जो टाळाटाळ करतो, त्याच्या हाती मूल देऊ नका. अमुक क्लबमध्ये नक्की घेतो म्हणून आगाऊ पैसे मागणारा माणूस कितीही गोड बोलला तरी त्याला दारातूनच परत पाठवा. शेत गहाण ठेवून फुटबॉलर व्हायची गरज नाही.

आश्रमशाळांच्या मुख्याध्यापकांना एक वेगळी विनंती. पांढरकवडा आणि पुसद या दोन आदिवासी विकास प्रकल्पांखालच्या शाळांत मुलं-मुली सुट्या सोडल्या तर वर्षभर एकत्र राहतात. संघाला लागते ती रोजची सोबत, ठरलेली वेळ आणि मैदान, या तिन्ही गोष्टी तिथं आयत्या आहेत. गोंड आणि कोलाम मुलांच्या पायांतला दम सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. त्यांना प्रशिक्षक आणि सामने द्या. मुलींच्या बाबतीत तर वाट आणखी मोकळी आहे. भारतीय महिला लीग २०१६-१७ मध्ये सुरू झाली आणि चांगल्या मिडफिल्डर मुलींची चणचण सगळीकडे आहे. नागपूरला विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांसाठी सुरू केलेल्या कामातून ‘स्लम सॉकर’ उभं राहिलं. त्याला २०१६ मध्ये फिफाचा डायव्हर्सिटी पुरस्कार मिळाला. आपल्या मुलींच्या शाळांनी त्यांच्याशी संपर्क साधायला हरकत नाही. नागपूर दीडशे किलोमीटरवर आहे.

निवड चाचणीत काय होतं, ते मुलाला आधी सांगून ठेवा. अनोळखी पोरांचे दोन संघ केले जातात आणि जेमतेम पंधरा-वीस मिनिटं मिळतात. चेंडू कुणी कुणाला देत नाही, जो तो चार जणांना चकवायला पाहतो. अशा गोंधळात शांत मिडफिल्डर उठून दिसतो. त्यानं मोठ्यानं बोलावं, नावं माहीत नसली तर बिबच्या रंगानं हाक मारावी, पहिले पाच पास साधे आणि अचूक द्यावेत, चेंडू गेल्यावर लगेच मागे पळावं. आपली जागा कोणती ते निवडकर्त्याला सुरुवातीलाच सांगावं, नाहीतर ते कडेला उभं करतात. वऱ्हाडी पोरं परक्या ठिकाणी गप्प होतात, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. आवाज हा मिडफिल्डरच्या कौशल्याचा भाग आहे आणि तो घरच्या मैदानावर रोज वापरला तरच बाहेर निघतो.

शरीराबद्दल थोडक्यात. मोठ्या पातळीवर मिडफिल्डर एका सामन्यात दहा-बारा किलोमीटर धावतो, पण म्हणून चौदा वर्षांच्या मुलाला रोज दहा किलोमीटर पळवू नये. आठवड्याचा संघटित सराव मुलाच्या वयाच्या आकड्याइतक्या तासांपेक्षा जास्त नको. १३ वर्षांच्या मुलाला १३ तास पुष्कळ. वाढीच्या वयात गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यावर दुखत असेल तर ते नाटक समजू नका, विश्रांती द्या. फिफानं तयार केलेला ‘११ प्लस’ हा वीस मिनिटांचा वॉर्मअप इंटरनेटवर फुकट पाहायला मिळतो आणि त्यानं दुखापती कमी होतात, हे अभ्यासांत दिसलं आहे. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, शेंगदाणे, गूळ, अंडी, दूध एवढ्यावर खेळाडू उत्तम उभा राहतो. डब्यातल्या पावडरी नकोत. त्यांत बंदी असलेलं काही निघालं तर उत्तेजक चाचणीत शिक्षा मुलालाच होते, दुकानदाराला नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ वर जातो तेव्हा सकाळी आठनंतर मैदान बंद.

कागदपत्रांकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होतं. जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला या तिन्हींवर एकच तारीख आणि नावाचं एकच स्पेलिंग असलं पाहिजे. वयाची खात्री करायला मनगटाचा एक्स-रे काढतात, तेव्हा वय चोरण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. मूल १२ वर्षांचं झालं की त्याची नोंदणी जिल्हा संघटना आणि वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनमार्फत महासंघाच्या ऑनलाइन प्रणालीत झाली पाहिजे, आणि ती नोंदणीकृत क्लबकडून व्हावी. याचं कारण पैशाचंही आहे. फिफाच्या नियमांनुसार पुढे त्या खेळाडूची परदेशी क्लबकडे मोबदल्यावर बदली झाली तर रकमेतला ५ टक्के हिस्सा, १२ ते २३ या वयात ज्या ज्या क्लबांनी त्याला घडवलं त्यांच्यात वाटला जातो. पुसदच्या एखाद्या क्लबला उद्या असा हिस्सा मिळायचा असेल तर आज त्याची नोंद हवी.

पहिला करार समोर येईल तेव्हा तो वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको. १८ वर्षांखालच्या खेळाडूशी तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा व्यावसायिक करार करता येत नाही. ‘वैद्यकीय तपासणीत पास झाला तरच करार लागू’ अशी अट घालता येत नाही. तपासणी आधी करायची असते. दोन महिन्यांचा पगार थकला तर १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन खेळाडूला करार सोडता येतो. हे शेवटचं कलम पाठ करून ठेवा. २०२५ च्या उन्हाळ्यानंतर आयएसएलचा हंगाम व्यावसायिक हक्कांच्या वादात अडकला, लांबला, आणि देशातल्या नावाजलेल्या क्लबांनीसुद्धा काही काळ खेळाडूंचे पगार थांबवले. मधल्या फळीत वर्षानुवर्षं खेळलेल्या माणसांना घरी बसून बातम्यांची वाट पाहावी लागली.

महाराष्ट्राचा इतिहास तर याहून बोलका आहे. महिंद्रा युनायटेडनं २०१० मध्ये संघ बंद केला. एअर इंडिया २०१३ मध्ये आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून बाहेर गेली. पुणे एफसी संपली, डीएसके शिवाजीयन्स संपली, मुंबई एफसी २०१७ मध्ये संपली, एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये. या सगळ्या संघांत चांगले मिडफिल्डर होते आणि त्यांची काही चूक नव्हती. म्हणून दहावी-बारावी सोडून फुटबॉल, हा हिशेब मला अजिबात मान्य नाही. राज्य-राष्ट्रीय पातळीवर खेळलेल्यांना बोर्डाच्या परीक्षेत सवलतीचे गुण आहेत, शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पोलीस आणि रेल्वेचे संघ आहेत. प्रमाणपत्रांची पडताळणी क्रीडा खात्याकडून होते, तेव्हा प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र त्याच आठवड्यात फाइलला लावा. सतराव्या वर्षी कुठं निवड झाली नाही तरी संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाचा संघ आहे, पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा आहेत. उशिरा उमलणाऱ्या मिडफिल्डरसाठी ही वाट खरोखर उपयोगी आहे, कारण खेळाची जाण विशीतही वाढत राहते.

खालिद जमील यांची कारकीर्द या दृष्टीनं समजून घेण्यासारखी आहे. मिडफिल्डर म्हणून ते महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया आणि मुंबई एफसी या तिन्ही संघांत खेळले. दुखापतींनी त्यांना वेळेआधी थांबवलं. २००९ मध्ये ते मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले आणि सात वर्षं तिथं कमी पैशांच्या संघाला वरच्या लीगमध्ये टिकवत राहिले. २०१६-१७ मध्ये मिझोरामच्या ऐझॉल एफसीला त्यांनी आय-लीगचं विजेतेपद मिळवून दिलं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. त्यांनी ज्या संघांकडून फुटबॉल खेळला, ते आज देशाच्या लीगमध्ये कुठंच नाहीत. मधल्या फळीत उभं राहून वाचलेला खेळ मात्र त्यांच्याबरोबर राहिला.

प्रशिक्षक व्हायचं तर पायऱ्या महासंघाच्या प्राथमिक लायसन्सपासून सुरू होतात, पुढे आशियाई महासंघाची सी, बी, ए आणि प्रो. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शारीरिक शिक्षणाची पदवी घेता येते. तुमच्या मुलाचा घोटा मुरगळून तो दोन महिने घरी बसला, तर त्याला शाळेच्या १२ वर्षांखालच्या संघाबरोबर मैदानाच्या कडेला उभं करा. हातात वही द्या, कोण कुठे उभं राहतं ते टिपायला सांगा, मध्यंतरात लहानग्यांशी बोलू द्या. लीग चालू असेल तर एखाद्या रविवारी शिट्टीही द्या. घोटा बरा होईपर्यंत त्याचे सामने असेच सुरू राहतील.